पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. तो मी परत केला. त्यावर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सातला उठतात, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्या! मी आज बोलणार आहे ते आपल्याच वर्गातल्या एकाबद्दल आणि एका फाइलबद्दल. ऑक्टोबरपासून दर शनिवारी दुपारी मी त्याच्या दुकानात जाऊन त्याला लिनक्सच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन कसं बसवायचं, ते शिकवत होते. नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. ‘ब’ तुकडी, खिडकीकडची रांग, शेवटचा बाक, एवढंच सांगते. बघा, निम्मे लोक वळलेच!

त्याच्या वडिलांचा छापखाना तुम्हाला आठवत असेल. आपली प्रगतिपुस्तकं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तिथेच छापल्या जायच्या. (प्रश्नपत्रिका फुटल्या नाहीत, याचं श्रेय त्याच्या वडिलांना, त्याला नाही.) आपलं गिरगाव हे तसं छापखान्यांचंच गाव. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याच्या जुन्या पुस्तकांवर कोलभाट गल्लीचा पत्ता असतो. मौजेचा छापखाना खटाववाडीतला. अशा मोठ्या नावांच्या आजूबाजूला गल्ल्यागल्ल्यांतून एक ट्रेडल, दोन कंपोझिटर आणि एक प्रुफं वाचणारा म्हातारा एवढ्या भांडवलावर चाललेले कितीतरी छोटे छापखाने होते. त्यातलाच हा एक. १९९७मध्ये त्याच्या वडिलांनी खिळे शिशाच्या भावाने विकले आणि त्या पैशात एक कॉम्प्युटर घेतला. आपण कॉलेजात गेलो, तो पेजमेकर शिकला.

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ज्यांनी कंपोझिटरची केस पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. लाकडी केसमध्ये खण असतात आणि कुठल्या खणात कुठला खिळा, हे कंपोझिटरच्या हाताला पाठ असतं. त्या काळच्या कॉम्प्युटरमधला फाँट म्हणजे अशीच २५६ खणांची केस. खणांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांच्या. मराठीसाठी तेव्हा श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशी पॅकेजं होती. त्यांनी काय केलं, तर इंग्रजी चिठ्ठ्यांच्या त्याच खणांमध्ये आपले खिळे भरले: अर्धा ण, काना, मात्रा, रफार, वेलांटी. आणि प्रत्येकाची केस वेगळी. एकाच्या ज्या खणात अर्धा त, दुसऱ्याच्या त्याच खणात उकार. कागदावर छापून आलं की सगळं उत्तम मराठी. पण फाइलमध्ये प्रत्यक्षात लिहिलेले असतात ते फक्त खणांचे क्रमांक. तो विशिष्ट फाँट नसेल, तर फाइल उघडूनही समोर दिसतो तो डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेल्या युरोपी अक्षरांचा कचरा.

युनिकोडने १९९१मध्ये हा घोळ तत्त्वतः मिटवला. देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आणि साऱ्या जगासाठी एकच केस ठरवली. गंमत अशी, की विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली होती, मंगल नावाच्या फाँटसकट. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि आपल्याकडची छपाई तर पेजमेकरवर चाललेली. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं आपल्या लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंक, कवितासंग्रह, सगळं त्या खाजगी केसमध्येच जुळवलं गेलं. शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक आज उघडून वाचता येतं. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही.

बाई, आता तुमच्याबद्दल बोलते. परवानगी घेतलेली आहे, हे सगळ्यांसाठी सांगते.

आपल्याला आठवी ते दहावी मराठी शिकवणाऱ्या बाई लालबागच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. चाळीच्या गॅलरीत दिवसभर माणसं. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्या की त्या माणसांचं बोलणं ऐकायच्या आणि वहीत शब्द टिपून ठेवायच्या. साचा, धोटा, भोंगा, त्रासन, पाळी, जॉबर. बदलीवाला म्हणजे कायम नसलेला. रोज गिरणीच्या दारावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. नुसता अर्थ नाही, तर कोण कुठल्या वेळी कसा वापरायचा, तेही. पुढे वीस वर्षं हे चालू होतं. जवळजवळ अकराशे शब्द झाले. वर्गात एकदा त्यांनी आपल्याला ‘भोंगा’ या एका शब्दावर अख्खा तास दिला होता. मला तो तास आठवतो. अभ्यासक्रमातलं काय बुडालं ते आठवत नाही.

२००४ साली बाईंनी ते हस्तलिखित आपल्या मित्राच्या वडिलांकडे दिलं. त्यांनी स्वतः बसून ते जुळवलं, २१२ पानं. पहिल्या चाळीस पानांची प्रुफं बाईंकडे गेली. मग काका आजारी पडले आणि काम थांबलं. हस्तलिखित बाईंकडे परत गेलं. पुढचं वर्ष २००५. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. बाई तोवर हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहायला गेल्या होत्या, आणि हिंदमाताला पाणी भरायला ९४४ मिलिमीटर लागत नाहीत, हे परळ-दादरच्या माणसाला सांगायला नको. वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या.

म्हणजे उरली ती फक्त फाइल. काकांच्या हाताने ‘बाई – शब्द – फायनल’ असं लिहिलेली एक सीडी. काका गेले, त्यांचा विंडोज २०००वाला कॉम्प्युटरही पुढे बंद पडला, सीडी दुकानाच्या फडताळात राहिली. मध्ये वीस वर्षं गेली.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. त्याच्या दुकानातलं यंत्र विंडोज ११ला चालत नव्हतं, म्हणून भाच्याने त्याच्यावर उबुंटू लिनक्स घालून दिलं होतं आणि भाचा पुण्याला निघून गेला होता. भाचे असेच असतात.

“अगं, तुला दहा मिनिटं आहेत का? सीडी लागते, फाइल दिसते, उघडत नाही.”

“कोणाची फाइल?”

“बाईंची. परवा भाजी घेताना भेटल्या. काही म्हणाल्या नाहीत. पण मला विचारल्यासारखं वाटलं.”

पर्याय होते. लॅमिंग्टन रोडवरून एखादं जुनं यंत्र शोधून आणायचं, हा एक. पण वीस वर्षांचं जुनं यंत्र आणून त्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे एक म्हातारा आजारी पडला म्हणून दुसऱ्या म्हाताऱ्याला सोबतीला बसवण्यासारखं. दुसरा पर्याय, मी सीडी घरी आणून काम करून द्यायचं. ते सोपं होतं. पण त्याच्या फडताळात अशा तीनशेवर सीड्या आहेत. गिरगाव-लालबागच्या मंडळांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांच्या वंशावळी, कोणाच्या आजीची आत्मचरित्रं. गिऱ्हाइकं अजून येऊन विचारतात. म्हणजे हे त्याला स्वतःला यायला हवं होतं. म्हणून व्हर्च्युअल मशीन.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे त्याला सांगताना मला आमची मुगभाटातली खोली आठवली. दहा बाय बाराची खोली, तिच्यात पोटमाळा. पोटमाळ्यावर गावाहून आलेले एक काका राहायचे. त्यांची वळकटी वेगळी, ट्रंक वेगळी, झोपायच्या-उठायच्या वेळा वेगळ्या. त्यांच्या दृष्टीने ते स्वतःच्या घरात राहत होते. वीज, पाणी, दार मात्र आमचंच. लिनक्सच्या आत तसाच एक पोटमाळा बांधायचा आणि त्यावर विंडोज २००० आणून बसवायचं. त्याला वाटतं, आपल्याला अख्खा कॉम्प्युटर मिळालाय: एवढी मेमरी, एवढी डिस्क, एक सीडी ड्राइव्ह. खरं तर त्याची डिस्क म्हणजे लिनक्समधली एक मोठी फाइल असते. कल्पना नवीन नाही, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६०च्या दशकातच हे चालत होतं. आपल्या टेबलावरच्या यंत्रांपर्यंत ते उशिरा आलं.

यासाठी लिनक्समध्ये केव्हीएम नावाची सोय २००७पासून मुळातच आहे, आणि माझ्या कामात मी तीच वापरते. त्याच्यासाठी मात्र मी व्हर्च्युअलबॉक्स निवडलं. ते मुळात इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं, २००८मध्ये सनकडे आणि २०१०मध्ये ओरॅकलकडे गेलं. निवडायचं कारण एकच: त्यात खिडकी आहे, खिडकीत बटणं आहेत, आणि बटणावर काय होणार ते लिहिलेलं आहे. नवशिक्याला पहिल्या दिवशी सर्वोत्तम साधन द्यायचं नसतं. ज्यात तो एकटा असताना अडकणार नाही, ते द्यायचं असतं. आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक इथे माझ्याशी भांडतील. भांडोत.

मी एक नियम केला होता. कीबोर्ड आणि माऊस त्याचा. मी शेजारच्या स्टुलावर, हात मांडीवर. समोरच्याची चूक दिसत असताना हात मांडीवर ठेवणं किती कठीण असतं, ते इथल्या सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. त्याने दोनशे पानी वही घातली होती, तिच्यावर नाव, इयत्ता, विषय अशा ओळी होत्या. विषयापुढे त्याने ‘लिनक्स’ लिहिलं. इयत्तेपुढे ‘पहिली’.

पहिली आज्ञा त्याने एका बोटाने टाईप केली: सुडो एपीटी इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स. मग पासवर्ड विचारला आणि तो थांबला.

“कीबोर्ड बंद पडला.”

“नाही पडला. पासवर्ड लिहिताना लिनक्स काहीच दाखवत नाही. टिंबंही नाहीत. लिही आणि एंटर मार.”

“आंधळेपणाने?”

“टायपिंगच्या परीक्षेत बोटांकडे बघायचास का?”

त्याने लिहिला. पंधरा मिनिटं ओळी सरकत राहिल्या. मध्येच एक जांभळा पडदा आला: सिक्युअर बूट चालू आहे, एक तात्पुरता पासवर्ड ठरवा. हे काय, ते नीट सांगते, कारण नवशिके नेमके इथे अडतात. पोटमाळा बांधायचा तर भिंतीत तुळई घुसवावी लागते. तशी व्हर्च्युअलबॉक्सची एक तुळई लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाते. आणि आजचे कॉम्प्युटर सही-शिक्का नसलेलं काही गाभ्यात शिरू देत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर निळ्या पडद्यावर एकदा मालकाने स्वतः येऊन सांगावं लागतं, की हो, हा शिक्का माझा आहे. तो निळा पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. कोणी कळ दाबली नाही, तर तो निघून जातो आणि शिक्का राहतो तो राहतोच.

बरोबर त्या दहा सेकंदांत एक आजोबा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले.

मग अर्थातच व्हर्च्युअल मशीन सुरू होईना. ‘कर्नल ड्रायव्हर इन्स्टॉल केलेला नाही’ असा संदेश आला. त्याने लगेच खिडकी बंद केली. दुसऱ्यांदा आला, परत बंद केली. मी म्हटलं, “वाच की.” तो म्हणाला, “एरर आहे.” मी म्हटलं, “एरर आहे म्हणूनच वाच. तू प्रुफं वाचणाऱ्याचा मुलगा.” तेव्हा त्याने वाचला, मोठ्याने, एकेक शब्द, आणि वहीत उतरवून घेतला. त्या दिवसापासून त्याने एकही संदेश न वाचता बंद केलेला नाही. त्याच्या वहीत आज अकरा संदेश आहेत, प्रत्येकासमोर कारण आणि उपाय. मी आजवर पाहिलेल्या पुष्कळ कंपन्यांच्या कागदपत्रांपेक्षा ती वही बरी आहे.

शिक्का पुढच्या शनिवारी बसला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून.

मग दुसरी अडचण: प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय मुळातच बंद होती. ती बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि दर यंत्राचं बायोस वेगळं, नाव वेगळं, कोपरा वेगळा. त्यात वीस मिनिटं गेली. ते सोडून देते.

विंडोज २०००च का, असं तुमच्यातले जाणकार विचारतील. त्याच्याकडे तिची मूळ सीडी होती, पाकिटावर क्रमांकासकट. एक्सपीपासून ॲक्टिव्हेशनची भानगड सुरू झाली. त्याआधीच्या २०००ला नुसता पाकिटावरचा क्रमांक पुरतो. मेमरी ५१२ एमबी दिली, डिस्क दहा जीबी. त्या काळच्या मानाने हा राजवाडा. तरी इन्स्टॉल होता होता ती मध्येच परत पहिल्यापासून सुरू व्हायची. याचं कारण व्हर्च्युअलबॉक्सच्या पुस्तिकेत दिलेलं आहे आणि ते मला फार आवडतं. जुन्या विंडोजने डिस्कला काम सांगितलं, की डिस्क थोडा वेळ घेणार असं ती धरून चालते. आजची यंत्रं इतक्या लवकर उत्तर देतात, की तिचा गोंधळ उडतो. उपाय म्हणजे एका ओळीची सूचना: हिच्याशी जरा सावकाश बोला. ती दिल्यावर इन्स्टॉल सुरळीत पार पडलं. आमच्या पोटमाळ्यावरच्या काकांशीही आई तसंच बोलायची.

नेटवर्क मी त्याला पहिल्याच दिवशी तोडायला लावलं. विंडोज २०००ची सुरक्षा दुरुस्ती २०१०मध्ये थांबली. काकांना माळ्यावर ठेवायचं, पण सिग्नल तोडून धावणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर एकटं सोडायचं नाही. मग फाइली आतबाहेर नेणार कशा? पेनड्राइव्हने. त्यासाठी आपलं नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ नावाच्या गटात घालावं लागतं. चाळीच्या रजिस्टरात नाव घातल्यासारखं. नाव घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत आत यायचं, नाहीतर दारावरचा माणूस ओळखतच नाही. इथेही एक शनिवार निम्मा गेला, पण त्याने कारण स्वतः शोधलं. मी तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेले होते.

सगळ्यात उपयोगी पडलं ते स्नॅपशॉट. स्वच्छ विंडोज बसल्यावर एक बटण दाबून त्या क्षणाची खूण करून ठेवायची. पुढे काहीही बिघडलं, तर परत त्या खुणेपाशी. हे त्याला पटत नव्हतं. मी म्हटलं, “मोड.” त्याने भीत भीत विंडोजच्या फोल्डरमधल्या फाइली पुसल्या, विंडोज उठेनाशी झाली, मग खुणेवर परत गेला आणि सगळं जागच्या जागी. तो पाच मिनिटं काही बोलला नाही. नंतर त्याने तिला आणखी चार वेळा मोडली, नुसती मजा म्हणून. त्यानंतर त्याने मला ‘हे दाबू का?’ असं विचारणं बंद केलं. नवशिक्याची भीती समजावून जात नाही असं माझं मत आहे. मोडलेलं परत जोडता येतं हे त्याच्या हाताला कळावं लागतं.

पेजमेकर ६.५ बसला. मराठी टायपिंगच्या पॅकेजला एक हार्डवेअर कुलूप लागायचं, प्रिंटरच्या जुन्या रुंद सॉकेटमध्ये बसणारं. ते सॉकेट आता त्याच्या यंत्राला नाही. तो एकदम खचला. पण कुलूप टायपिंगच्या प्रोग्रॅमला होतं. फाँटच्या फाइली सीडीवर वेगळ्या होत्या, आणि वाचायला फक्त फाँट लागतो. ते घातले आणि त्याने ‘बाई – शब्द – फायनल’ उघडली.

उघडली. पहिल्या पानावर काकांनी केलेली चौकट, तिच्या कोपऱ्यांत त्यांची ती आवडती कमळं. आम्ही दोघं पुढची पानं बघत बसलो. एका गिऱ्हाइकाला त्याने उद्या या म्हणून सांगितलं.

इथपर्यंत मी शिकवत होते. पुढे पाटी उलटली.

पडद्यावर दिसलं म्हणजे काम झालं नाही. बाईंचा मजकूर युनिकोडमध्ये यायला हवा, म्हणजे शोधता येईल, छापता येईल, फोनवर वाचता येईल. पेजमेकरमधून आम्ही मजकूर आरटीएफ प्रकारात बाहेर काढला, कारण त्यात कुठला शब्द कुठल्या फाँटचा आहे, ते टिकतं. बाईंच्या नोंदींत मध्येमध्ये इंग्रजी शब्दही आहेत, ते नुसत्या मजकुरात मराठीत मिसळून गेले असते. बाहेर आला तो अर्थात टोप्या घातलेला कचरा. आता त्या केसचा नकाशा हवा होता, कुठल्या खणात कुठला खिळा. मी म्हटलं, फाँट उघडून एकेक आकार बघत तक्ता करते, दोन-तीन रविवार लागतील.

तो पडद्याकडे बघत होता. म्हणाला, “हे ‘खानावळ’ आहे.”

“कुठे?”

“ही ओळ. खानावळ, स्त्रीलिंग. आणि पुढे… घरगुती जेवणाची सोय.”

तो टोप्यांचा कचरा सरळ वाचत होता! वीस वर्षं त्याने त्या खणांतून खिळे उचललेले. जे अक्षर कीबोर्डवर नव्हतं त्यासाठी आल्ट दाबून तीन-चार आकडे मारायचे, ते सगळे आकडे त्याला पाठ. त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं: टोपीवाला ए म्हणजे हे, दोन टिंबांचा यू म्हणजे ते. त्या एका दुपारीत एकशेनव्वदच्या वर खण भरले. तुमच्या ग्रुपवर याला ‘कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही’ म्हणून हसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या तक्त्यावरून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नुसता खिळ्यामागे खिळा बदलून भागत नाही. ‘गिरणी’ घ्या. त्या फाँटमध्ये आधी पहिली वेलांटी येते, मग ग, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी ग, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो. रफाराचं उलट: छापताना तो शेवटी डोक्यावर चढतो, युनिकोडमध्ये र आधी यावा लागतो. ‘शाळा’मध्ये श हा अर्धा श आणि एक काना असा जुळवलेला, त्याच्या पुढे आ चा काना, म्हणजे दोन काने, त्यातला एक गिळायचा. हे सगळं प्रोग्रॅम करतो. पण फाँटच्या केसमध्ये अर्धचंद्रासारख्या र साठी दोन वेगळे खण होते आणि काकांनी घाईत कधी रफारावर भागवलेलं होतं. त्यामुळे बाईंच्या पुस्तकात एका ठिकाणी खानावळीतल्या आचार्यांना पगार मिळतो. ते आचाऱ्यांना मिळायला हवा. असल्या चुका प्रोग्रॅमला कळत नाहीत. माणसानेच वाचायला हवं.

म्हणून शेवटची गोष्ट, आणि यासाठीच मी विषय परत केला. २१२ पानं छापून आणली आहेत. पहिली ऐंशी पानं बाईंनी भिंग घेऊन स्वतः तपासली आहेत, लाल शाईत, आपल्या वह्या तपासायच्या तशाच. शब्द अकारविल्हे आहेत. उरलेल्या पानांचे सोळा-सोळाचे आठ गठ्ठे आणि चार पानांचा एक नववा असे दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, प्रत्येकावर रबर लावलंय. एक घ्यायचा, महिन्याभरात वाचून गिरगावात दुकानावर आणून द्यायचा. दादरहून आता भुयारी मेट्रोने थेट गिरगाव स्टेशनला उतरता येतं, तेव्हा लांब पडतं ही सबब चालणार नाही. ज्यांचे वडील किंवा आजोबा साचेखात्यात होते, त्यांनी आठवा गठ्ठा घ्यावा. त्यात ‘साचा’च्या पुढच्या तीन शब्दांसमोर बाईंनी अर्थाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलेलं आहे.